विश्लेषण : घरी शिकणाऱ्या मुलांसाठी सेवाग्राम ही सहल की शाळा? 'होमस्कूलिंग'बाबत कायदा काय सांगतो?

डिसेंबरातला मंगळवार. वर्धा स्टेशनबाहेर आम्ही पाच जण ऑटोत बसलो. माझी मामेबहीण, तिचे यजमान, ११ वर्षांची भाची, ७ वर्षांचा भाचा आणि मी. ऑटोवाल्या काकांनी आरशातून मुलांकडे पाहिलं आणि विचारलं, "आज सुट्टी हाये का शाळेले?"

ताई म्हणाली, "ही दोघं शाळेत जात नाहीत काका. घरीच शिकतात."

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मंग परीक्षा कोन घेते?"

गेली दोन वर्षं ताईच्या घरात हाच प्रश्न फिरतो आहे. सासरे विचारतात, शेजारी विचारतात आणि खरं सांगायचं तर इंजिनिअरिंगच्या आठ सेमिस्टरमधून गेलेला मीही विचारतो. चौथी झाल्यावर भाचीला शाळेतून काढलं. भाच्याला तर शाळेत घातलंच नाही. नागपुरातल्या त्यांच्या घरी सकाळी गणित आणि वाचन असतं, दुपारी शिवण, स्वयंपाक, बागकाम असं काहीतरी. महिन्यातून एक दिवस बाहेर. या महिन्याचा दिवस सेवाग्रामचा होता.

अमेरिकेत आणि युरोपात घरी शिकणाऱ्या मुलांना 'लिव्हिंग हिस्ट्री' उद्यानांत नेण्याची पद्धत आहे. आपल्याकडे तसं काही आहे का? सेवाग्राम त्यात बसतं का? एका दिवसाच्या सहलीतून मूल खरंच काही शिकतं का? आणि काकांच्या प्रश्नाचं उत्तर काय? एकेक करून पाहू.

'लिव्हिंग हिस्ट्री' म्हणजे काय?

साध्या शब्दांत, जिथे जुनं जगणं काचेच्या पेटीत न ठेवता चालू स्थितीत दाखवतात अशी जागा. स्वीडनमध्ये आर्तुर हाझेलियस यांनी १८९१ मध्ये स्टॉकहोमला 'स्कान्सेन' सुरू केलं. देशभरातली जुनी घरं उचलून एका टेकडीवर आणली आणि त्या काळच्या पोशाखातली माणसं तिथे कामं करून दाखवू लागली. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातलं 'कलोनियल विल्यम्सबर्ग' प्रसिद्ध आहे. तिथे लोहार भट्टी पेटवतो, छापखान्यात हाताने छपाई होते. सुरुवातीच्या वसाहतकऱ्यांचं जगणं दाखवणारी अशी उद्यानं तिकडे बरीच आहेत.

महाराष्ट्रात याच्या जवळ जाणारं ठिकाण म्हणजे कोल्हापूरजवळच्या कणेरी मठातलं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय. बारा बलुतेदार, शेतकरी, आठवडी बाजार हे सगळं तिथे हुबेहूब पुतळ्यांमधून उभं केलं आहे. पाहायला सुंदर, पण पुतळ्याच्या हातातलं काम मुलाला स्वतः करून बघता येत नाही.

सेवाग्राम या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. इथे कोणी जुना पोशाख घालून अभिनय करत नाही. आश्रमात आजही माणसं राहतात, सकाळ-संध्याकाळ सर्वधर्म प्रार्थना होते, सूत कातलं जातं. त्यामुळे मुलांना घेऊन जाताना पहिली गोष्ट लक्षात ठेवायची, आपण कुणाच्या तरी राहत्या घरी चाललो आहोत.

सेवाग्राममध्ये नेमकं काय पाहायचं?

मिठाच्या सत्याग्रहासाठी १२ मार्च १९३० रोजी साबरमती सोडताना गांधीजींनी स्वराज्य मिळेपर्यंत त्या आश्रमात परतायचं नाही असं ठरवलं होतं. जमनालाल बजाज यांच्या आग्रहामुळे १९३४ मध्ये ते वर्ध्याला आले. आधी मगनवाडीत राहिले आणि ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्यापासून सुमारे ८ किलोमीटरवरच्या शेगाव या खेड्यात गेले. तेव्हा त्यांना ६७वं वर्ष चालू होतं.

नावाची गंमत मुलांना आवडते. बुलढाणा जिल्ह्यातलं शेगाव आणि हे शेगाव यांच्यात टपालाचा घोळ व्हायचा. म्हणून १९४० मध्ये या गावाचं नाव सेवाग्राम झालं. भाच्याचा प्रश्न, "मग गजानन महाराजांचं पत्र गांधीजींकडे यायचं का?" ताईने तो वहीत लिहून ठेवायला सांगितला.

आवारात पहिलं घर लागतं ते आदिनिवास. सुरुवातीला गांधीजी आणि सोबतचे सगळे याच एका घरात राहत. जवळच बा कुटी आणि बापू कुटी. बापू कुटी मुळात मीराबेन यांच्यासाठी बांधलेली. आतल्या मातीच्या भिंतीवर त्यांनी उठावात घडवलेली ताडाची झाडं आणि ॐ अजून दिसतात. थोडं पुढे परचुरे कुटी. कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींना समाज जवळ करत नव्हता, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतः त्यांची शुश्रूषा केली.

मुलं सर्वात जास्त वेळ थांबली ती दोन वस्तूंपाशी. एक, टेलिफोन. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून या खेड्यात तो बसवला होता. दुसरी, साप पकडण्याचा लाकडी चिमटा आणि पेटी. आश्रमात साप निघत. त्यांना न मारता पकडून लांब नेऊन सोडायचं असा नियम होता.

१४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यसमितीने वर्ध्यातच 'छोडो भारत'चा ठराव केला आणि पुढच्या महिन्यात तो मुंबईत मंजूर झाला. २५ ऑगस्ट १९४६ रोजी गांधीजी सेवाग्रामहून निघाले, ते पुन्हा परतले नाहीत.

मातीच्या कुटीत विज्ञान कुठे आहे?

इथे माझा इंजिनिअर जागा झाला. वर्ध्याचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना माहीत आहे की पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा ठिकाणी पंख्याशिवाय राहायचं तर घर कसं हवं?

मातीची जाड भिंत दिवसा तापायला वेळ घेते. बाहेरचा दुपारचा ताप आतल्या बाजूला पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते आणि तोवर बाहेरची हवा उतरलेली असते. यालाच उष्णतेचा विलंब म्हणतात. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. खाली उतरलेल्या छपरामुळे ओसरीवर सावली राहते आणि ऊन भिंतीला थेट लागत नाही.

भाचीने एक हात बाहेरच्या उन्हातल्या फरशीवर ठेवला आणि एक ओसरीच्या जमिनीवर. फरक तिला हाताला कळला. पुढे दहावीत विशिष्ट उष्णतेचा धडा येईल तेव्हा तिला हा हात आठवेल की नाही, माहीत नाही. मला मात्र तो धडा शिकताना अशी एकही जागा आठवली नव्हती. मी सूत्र पाठ केलं होतं.

एका तासात किती सूत निघतं?

आवारात सूत कातत बसलेल्या एका आजींपाशी भाची बराच वेळ उभी राहिली. आजींनी बाजूला सरकून जागा दिली. "बस बाई, पाहून थोडीच येते."

पेळू म्हणजे पिंजलेल्या कापसाची गुंडाळलेली वात. एका हाताने चाक फिरवायचं, दुसऱ्या हाताने पेळू मागे ओढत जायचं. फिरणाऱ्या चातीमुळे तंतूंना पीळ बसतो आणि सूत तयार होतं. ओढ जास्त झाली तर तुटतं, पीळ जास्त झाला तर गाठी पडतात. पहिल्या २० मिनिटांत भाचीचं सूत इतक्या वेळा तुटलं की तिने मोजणं सोडलं. तासाभराने जाडंभरडं, कुठे दोरीसारखं तर कुठे केसासारखं, असं तीन मीटरच्या आसपास सूत हाती आलं.

मग वहीत हिशोब सुरू झाला. समजा एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद साधं कापड विणायचं आहे आणि एका सेंटिमीटरमध्ये २० धागे बसतात. उभे धागे २०००, आडवे २०००, प्रत्येक एक मीटरचा. म्हणजे ४००० मीटर सूत. आज खादीच्या कामात १००० मीटरची एक गुंडी धरतात, म्हणजे चार गुंड्या. तासाला तीन मीटर या वेगाने भाचीला १३३३ तास लागतील. रोज चार तास कातलं तर ३३३ दिवस.

ती अंगावरच्या फ्रॉकचा काठ बोटांनी चाचपडत म्हणाली, "हा किती रुपयांचा होता गं आई?"

एक लाखाचं बक्षीस आणि चरख्याचं यंत्र

दुपारी आम्ही वर्धा शहरातल्या मगन संग्रहालयात गेलो. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी १९२८ मध्ये गेले, त्यांच्या नावाचं हे संग्रहालय. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनीच त्याचं उद्घाटन केलं. १९३४ मध्ये वर्ध्यात स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या कामातून ते उभं राहिलं. अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा या संघाचा मुख्य आधार होते. चरख्यांचे नाना प्रकार, शेतीची अवजारं, ग्रामोद्योगांची साधनं इथे आहेत.

चरखा म्हणजे यंत्राला विरोध, असं आपल्याला वाटतं. पण १९२९ मध्ये चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी जाहीर केलेली स्पर्धा पाहिली तर चित्र बदलतं. बक्षीस होतं एक लाख रुपये, त्या काळी. अटी एखाद्या इंजिनिअरिंग प्रोजेक्टच्या असाव्यात तशा होत्या:

* हाताने किंवा पायाने चालावा, खेड्यातल्या झोपडीत मावावा
* एखाद्या बाईला फार न थकता आठ तास चालवता यावा
* आठ तासांत १२ ते २० नंबरचं १६ हजार फूट सूत निघावं
* किंमत १५० रुपयांपेक्षा जास्त नसावी
* किमान २० वर्षं टिकावा, वर्षाचा दुरुस्ती खर्च किमतीच्या ५ टक्क्यांच्या आत असावा

१६ हजार फूट म्हणजे जवळपास ४.९ किलोमीटर, तासाला सुमारे ६१० मीटर. भाचीच्या तीन मीटरच्या २०० पट. अटी पूर्ण करणारं यंत्र कोणाकडूनच न आल्याने बक्षीस कोणालाच मिळालं नाही. पुढे अनेक चात्या असलेला अंबर चरखा आला तो स्वातंत्र्यानंतर.

सकाळी स्वतः सूत कातलं होतं म्हणून भाचीला १६ हजार हा आकडा 'मोठा' आहे हे कळलं. मी तोच आकडा आधी वाचला होता, पण मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

वर्ध्याचा आणि शिक्षणाचा संबंध काय?

हाताच्या कामातून शिकवायचं, ही कल्पना देशासमोर मांडली गेली ती याच शहरात. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद झाली. गांधीजी अध्यक्ष होते. मुद्दे असे होते: सात वर्षं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफलेलं. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम तयार केला. पुढे तेच देशाचे राष्ट्रपती झाले. १९३८ मध्ये हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला आणि आर्यनायकम व आशादेवी या दांपत्याने सेवाग्राममध्ये 'नई तालीम'ची शाळा उभी केली.

समितीने सुचवलेलं साडेपाच तासांचं रोजचं वेळापत्रक आज वाचलं तरी नवल वाटतं:

* मुख्य हस्तव्यवसाय: ३ तास २० मिनिटं
* संगीत, चित्रकला, गणित: ४० मिनिटं
* मातृभाषा: ४० मिनिटं
* समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान: ३० मिनिटं
* व्यायाम: १० मिनिटं
* मधली सुट्टी: १० मिनिटं

हस्तव्यवसायाचे तीन तास म्हणजे फक्त मजुरी करायची असं नव्हतं. कातताना सूत मोजायचं म्हणजे गणित, कापूस कुठून येतो म्हणजे भूगोल, कापड कोण विकतं म्हणजे इतिहास, अशी ती कल्पना होती.

टीकाही तेव्हापासूनच झाली. मुलांनी बनवलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकांचा पगार निघावा, या मुद्द्याला अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी परिषदेतच विरोध केला. अशाने शाळेचा कारखाना होईल ही भीती होती आणि ती खुद्द समितीनेही गांभीर्याने घेतली. ज्या समाजांना पिढ्यान्पिढ्या हाताचंच काम करावं लागलं, त्यांच्या मुलांना पुन्हा चरख्यावर बसवायचं आणि शहरातल्यांनी इंग्रजी शिकायचं, हा न्याय कसा, असाही सवाल होता. स्वातंत्र्यानंतर 'बेसिक' शाळा निघाल्या, पण पालकांचा ओढा नेहमीच्या शाळांकडे राहिला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) 'कार्यानुभव' हा विषय सुचवला आणि हस्तव्यवसाय केंद्रस्थानावरून वेळापत्रकातल्या एका तासावर आला.

सेवाग्रामच्या परिसरात मात्र नई तालीम समितीने २००५ मध्ये 'आनंद निकेतन' ही मराठी शाळा पुन्हा सुरू केली. शेती, स्वयंपाक, कताई, सफाई हा तिथल्या शिक्षणाचाच भाग आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना १० दिवस सुचवले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकावं अशी अपेक्षा आहे. म्हणजे हा विषय फक्त घरी शिकणाऱ्यांचा नाही.

गांधीजींच्या स्वतःच्या मुलांचं काय झालं?

हा प्रश्न भाचीने बा कुटीच्या ओसरीवर विचारला आणि आम्ही मोठे एकमेकांकडे पाहू लागलो. कारण उत्तर सोपं नाही.

गांधीजी स्वतः एका अर्थाने 'होमस्कूलिंग' करणारे वडील होते. दक्षिण आफ्रिकेत डरबनजवळ फिनिक्स (१९०४) आणि जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म (१९१०) इथे त्यांनी मुलांना घरीच शिकवलं. शेतीकाम, चपला बनवणं, चालणं आणि वेळ मिळेल तसं वाचन. थोरला मुलगा हरिलाल यावर नाराज होता. त्याला नेहमीचं शिक्षण हवं होतं, परीक्षा द्यायच्या होत्या, विलायतेला जायचं होतं. विलायतेची शिष्यवृत्ती दुसऱ्यांना मिळाली याचं शल्य त्याला होतं. १९११ मध्ये तो वडिलांपासून वेगळा होऊन शिकण्यासाठी अहमदाबादला गेला. पुढे बाप-लेकात जे तुटलं ते कधी नीट जुळलं नाही. मुलांची आपल्याविरुद्ध तक्रार आहे, हे गांधीजींनी आत्मचरित्रात मान्य केलं आहे. आपला निर्णय चुकला असं मात्र त्यांना वाटलं नाही.

घरी शिकवू पाहणाऱ्या प्रत्येक आई-बापाने सेवाग्रामला आल्यावर चरख्याइतकाच हरिलालचाही विचार करायला हवा. पद्धत कितीही चांगली असली तरी ती निवडणारा मोठा असतो आणि तिचे परिणाम भोगणारं मूल.

भारतात होमस्कूलिंग कायदेशीर आहे का?

स्पष्ट 'हो' किंवा स्पष्ट 'नाही' असं कायद्यात लिहिलेलं नाही. मुद्दे असे:

* १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देतो. सक्ती मुख्यतः सरकारवर आहे, की त्याने शाळा द्यावी.
* कलम १० नुसार मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे. पण ते न केल्यास पालकांना शिक्षा करणारं कलम या कायद्यात नाही.
* राज्यघटनेच्या कलम ५१-अ (ट) मध्ये पालकांनी मुलाला 'शिक्षणाची संधी' द्यावी असं मूलभूत कर्तव्य सांगितलं आहे.
* परवानगीशिवाय शाळा चालवणं मात्र दंडनीय आहे. चार घरांची मुलं एकत्र करून रोज वर्ग घ्यायला लागलात तर ती अनधिकृत शाळा ठरू शकते.

घरी शिकवणाऱ्या पालकांनी २०१२ मध्ये 'स्वशिक्षण' ही देशपातळीवरची संघटनाही उभी केली आहे.

परीक्षा कोण घेतं?

काकांच्या प्रश्नाचं उत्तर असं:

* एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. केंद्र सरकारच्या या मंडळात १४ वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीसाठी नोंदणी करता येते. एकदा केलेली नोंदणी पाच वर्षं चालते, सगळे विषय एका दमात द्यावे लागत नाहीत. लहान मुलांसाठी तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे टप्पे आहेत.
* महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ. पाचवी, आठवी, दहावी आणि बारावी या टप्प्यांवर मराठीतूनही परीक्षा देता येते.
* फॉर्म नंबर १७. राज्य मंडळाची दहावी-बारावी खासगी विद्यार्थी म्हणून देण्याचा जुना मार्ग.

प्रत्येकाच्या वयाच्या अटी आणि तारखा वेगळ्या आहेत. फॉर्म भरण्याआधी त्या-त्या मंडळाच्या संकेतस्थळावर त्या वर्षीची सूचना वाचावी.

पुढच्या प्रवेशाचं काय? एनआयओएसची बारावी किमान पाच विषयांसह केली तर जेईई मेन देता येते. उलट बाजूही लक्षात ठेवावी. मुंबईची मालविका जोशी हिने सातवीच्या टप्प्यावर शाळा सोडून घरी अभ्यास केला, प्रोग्रामिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये भारतासाठी पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये प्रवेश मिळवला. पण बारावीची परीक्षा दिलेली नसल्यामुळे आयआयटीचा दरवाजा तिच्यासाठी बंद होता. प्रत्येक मूल ऑलिम्पियाडपर्यंत जात नाही. म्हणून प्रमाणपत्राचा रस्ता आधीच आखून ठेवलेला बरा.

मुलाला मध्येच शाळेत जावंसं वाटलं तर?

हे अनेक पालकांना ठाऊक नसतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार शाळेबाहेर असलेल्या मुलाला त्याच्या वयानुसार योग्य त्या वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्क असतो. कलम १४ आणि १५ नुसार वयाचा पुरावा नाही किंवा प्रवेशाची मुदत संपली, या कारणांनी प्रवेश नाकारता येत नाही. ही सोय वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंतची आहे.

प्रत्येक घराला हे जमेल का?

नाही. ताई घरून काम करते, यजमान बँकेत आहेत, घरात पुस्तकं आहेत आणि आजी-आजोबा जवळ राहतात. ज्या घरात आई-बाप दोघंही सकाळी मजुरीला जातात तिथे 'मूल घरी शिकतं' याचा अर्थ बऱ्याचदा मूल धाकट्याला सांभाळतं किंवा कापूस वेचायला जातं असा होतो. आश्रमातून मगन संग्रहालयाकडे येताना वाटेत वेचणी चालू होती. एका शेतात भाचीच्याच वयाची एक मुलगी ओटीत कापूस घेऊन उभी दिसली. तिची शाळा त्या दिवशी बुडाली होती की सुटली होती, आम्हाला कळायला मार्ग नव्हता. तिच्यासारखीसाठी शाळेचा पट, मध्यान्ह भोजन आणि रोज हजेरी घेणारे गुरुजी हे संरक्षण आहे. त्यामुळे शाळा वाईट म्हणून सोडून द्या, असं सरसकट सांगणं चुकीचं आहे.

जाणार असाल तर...

* दिवस: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा बरी असते आणि शेतात कापूस दिसतो.
* क्रम: सकाळी सेवाग्राम, दुपारी मगन संग्रहालय, संध्याकाळी नागपूर रस्त्यावर धाम नदीकाठचं पवनार. विनोबांनी १९५९ मध्ये तिथे स्थापन केलेल्या ब्रह्मविद्या मंदिरात भगिनी स्वतः शेती आणि श्रम करून सामूहिक जीवन जगतात. १९८२ मध्ये विनोबांनी देह ठेवला तोही इथेच.
* सोबत: वही, मोजपट्टी, पाण्याची बाटली. मोबाइल शक्यतो मोठ्यांच्या खिशात.
* तयारी: जाण्याआधी मुलांनी तीन प्रश्न लिहावेत. परतल्यावर उत्तरं मुलांनीच शोधावीत.
* एक काम: पाहण्याच्या यादीतल्या दोन जागा कमी झाल्या तरी चालेल, पण एक काम तासभर हाताने करावं.
* आनंद निकेतन किंवा ब्रह्मविद्या मंदिर पाहायचं असेल तर आधी विचारून जावं. शाळेत तास चालू असतात आणि आश्रमात माणसं राहतात.

सहलीनंतर

पवनारहून नागपूरच्या एसटीत बसलो तेव्हा अंधार पडला होता. भाचा मांडीवर झोपला. भाचीने तीन मीटर सूत एका पुठ्ठ्याला गुंडाळलं होतं. बुटीबोरीच्या आसपास तिने विचारलं, "आई, हरिलालसारखं मला शाळेत जायचं असेल तर?"

ताईने लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, "तर सांगायचं. आम्ही विचारायचीही वाट बघायची नाही."

पुढच्या आठवड्यात ताईने दोन कामं केली. मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवीच्या परीक्षेची माहिती काढली. आणि घराजवळच्या दोन शाळांना, भाचीला घेऊन, एकेक दिवस भेट द्यायचं ठरवलं. एका शाळेने होकार कळवला आहे. भाचीने त्या भेटीसाठी वहीत तीन प्रश्न लिहिले आहेत. पहिला आहे, "इथे कार्यानुभवाच्या तासाला काय करतात?"